हेडसर सोमवारी हसले

शाळेत 'डेड स्टॉक' नावाचं एक रजिस्टर असतं. फाटके नकाशे, पाय मोडलेला कंपास, अर्धा पृथ्वीगोल, अशा वस्तू त्यात नोंदलेल्या असतात. उपयोग काही नाही, पण टाकायचीही सोय नाही! मास्तरांचे किस्से असेच साठतात.

परवा आमच्या ओतूरच्या शाळेत मधल्या सुट्टीत दोन तरुण शिक्षक डबे उघडे टाकून भांडत होते. विषय काय, तर टीव्हीवरची आजवरची सगळ्यात हुशार कॉमेडी कोणती! एकाने मला मध्ये ओढलं. "सर, तुम्ही सांगा. तुम्ही तर सगळ्या पाहिल्यात."

मी म्हणालो, "मला तास आहे," आणि उठलो. मला तास नव्हता.

ह्या एका प्रश्नाने माझ्या नोकरीची पहिली सात वर्षं खाल्ली. उत्तर मिळालं नाही ते नाहीच, वर एका माणसाला दिलेला शब्दही त्यात बुडाला. सांगायला बसलो की लोक हसतात. मला मात्र अलीकडे हसू येत नाही.

*

माझी पहिली नेमणूक तळेघरच्या पुढे, एसटीतून उतरून पाऊण तास चालल्यावर येणाऱ्या एका वाडीत झाली. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. शाळेत आम्ही तिघे मास्तर. मी गणिताचा, शिंदे सर विज्ञानाचे, आणि हेडसर लोणी गावचे. हेडसरांचा चेहरा कायम पेपर तपासत असल्यासारखा. चौथे म्हणजे शिपाई कोंडीभाऊ, तिथलाच, भात-नाचणी करणारा, सहा फूट उंच. शनिवारची एसटी आमची नेहमी चुकायची, त्यामुळे रविवार तिथेच काढावा लागे. म्हणून वर्गणी काढून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला.

टीव्ही आला, पण चित्र येईना. समोर डोंगर. पडद्यावर नुसत्या मुंग्या! शाळेशेजारच्या आमच्या राहायच्या खोल्यांवर सगळे पत्रे होते, फक्त मोरीवर तेवढा चार फुटांचा स्लॅब. त्यावर अँटेना लावला. तारेने बांधून पाहिला, दगड रचून पाहिले, शिंदे सरांनी कोन मोजून पाहिला. शेवटी कोंडीभाऊ वर चढले, पाइप हातात धरला, आणि माणसं दिसायला लागली!

"आलं का?" वरून आवाज.

"आलं! हलू नका!"

पाइप सोडला की मुंग्या, धरला की माणसं. झालं, कोंडीभाऊंची जागा त्या दिवशी ठरली ती ठरलीच.

वकिलाची एक मालिका तेव्हा लागायची, रविवारी सकाळी दहाला. खरी नावं मी मुद्दाम सांगत नाही, नाव घेतलं की तुम्हीही भांडायला उठाल. आम्ही तिला 'वकीलवाली' म्हणायचो. हा वकील प्रत्येक केस हरायचा. भाग संपला की कोंडीभाऊ खाली उतरायचे. पत्र्याच्या फटीतून त्यांना आवाज सगळा ऐकू यायचा. एकदा मला म्हणाले, "सर, ह्या वकिलाचं त्वांड कसं हाय वो? एक डाव खाली बसून आख्खा भाग बघायचाय मला."

"त्यात काय! पुढच्या रविवारी नक्की," मी म्हणालो.

*

तीन मास्तर एकत्र आले की परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाहीत. टीव्हीवर तेव्हा तीन कॉमेड्या लागायच्या. एक घरमालकाची 'भाडेकरूवाली', दुसरी ज्याच्याकडे पेशंट येत नाही अशा डॉक्टरची 'दवाखान्यावाली', आणि तिसरी आमची वकीलवाली. हुशार कोणती? आम्ही हजेरीच्या जुन्या वहीत निकालपत्रक आखलं. कथानक पंचवीस, संवाद पंचवीस, अभिनय पंचवीस, हुशारी पंचवीस!

हेडसरांनी तिघींना पस्तीस-पस्तीस दिले. "काठावर पास. ह्याच्या वर मी माझ्या पोरालाही दिले नाहीत."

शिंदे सर वकीलवालीला ब्याण्णव देऊन बसले होते. ते इतके चिडले की दोन दिवस आमच्याबरोबर जेवले नाहीत. खोलीत एकटे कोरडी भाकरी खात बसले. एका वकिलापायी, जो केसही जिंकत नाही!

तिसऱ्या दिवशी कोंडीभाऊ दारात उभं राहून म्हणाले, "म्या सांगू का? मला वरून समदं कळतं. भाडेकरूवालीला तुमी लगीच हसता. म्हंजी ती येडी. वकीलवालीला तुमी उशिरानं हसता. पैलं शिंदे सर, मंग तुमी. ज्याला हसू उशिरा येतं, ती हुशार."

"आणि हेडसर?" शिंदे सरांनी विचारलं.

"हेडसर सोमवारी हसले."

आणि ते खरं होतं! रविवारच्या भागात एक चोर वकिलाकडे येतो आणि विचारतो, "साहेब, मला शिक्षा नक्की होईल ना?" वकील विचारतो, "का रे?" चोर म्हणतो, "बाहेर सासरा उभा आहे." शिंदे सर जागच्या जागी हसले, मी जाहिरातीत हसलो, हेडसर हसलेच नाहीत. सोमवारी परिपाठाला सगळी शाळा डोळे मिटून मौनात उभी, आणि एकदम हेडसरांच्या नाकातून मोठा आवाज आला, मग ते पोट धरून खाली बसले. "सासरा!" एवढंच म्हणत होते. त्यांना हसताना कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पुढच्या रांगेतली एक मुलगी घाबरून रडायला लागली.

हुशारीची ह्याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुणी सांगितलेली नाही. आम्ही मात्र ती निकालपत्रकात घेतली नाही. शिपायाचं मत, कुठल्या रकान्यात लिहायचं?

*

कोंडीभाऊंना पाहायला मिळत नाही, तर निदान काय दिसलं ते नंतर सांगायचं, असं आम्ही ठरवलं. तेवढंच आमच्या मनाला बरं वाटायचं.

सांगायचं काम शिंदे सरांनी घेतलं. त्यांनी तो चोराचा विनोद फळ्यावर काढला. इथे कोर्ट, इथे वकील, इथे चोर, बाहेर सासरा. बाण दाखवले. चोराला तुरुंग हवा आहे, का, तर सासऱ्याची भीती शिक्षेच्या भीतीपेक्षा जास्त आहे. म्हणून त्याने मुद्दाम हरणारा वकील निवडला. "आलं लक्षात?"

कोंडीभाऊ टोपी काढून मांडीवर ठेवून सगळं ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "लई वंगाळ झालं सर. मंग गेलं कोण त्यात?"

शिंदे सरांनी फळा पुसला. त्यानंतर त्यांनी तो विनोद कुणालाच सांगितला नाही.

*

एका रविवारी विस्तार अधिकारी न सांगता आले. साहेब पार घामाघूम होऊन चढण चढून वाडीत पोहोचले आणि त्यांना पहिलं काय दिसलं, तर शाळेचा शिपाई छपरावर पाइप धरून उभा!

"हा काय करतोय?"

हेडसर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. "साहेब, छपराची दुरुस्ती चाललीय."

"रविवारी?"

"हौशी आहे, साहेब."

साहेब आत आले. टीव्हीवर वकील उलटतपासणी घेत होता आणि साक्षीदार त्यालाच सल्ला देत होता. साहेबांनी खुर्ची ओढली. दोन मिनिटांनी चित्र हललं, तसे साहेब स्वतः दारात जाऊन ओरडले, "अरे, जरा डावीकडे! हां, बास! हलू नकोस!"

भाग संपल्यावर चहा झाला, दप्तर तपासलं. शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, "शाळेत दृक-श्राव्य साधनांचा वापर उत्तम."

त्या शेऱ्याची नक्कल काचेत घालून आम्ही ऑफिसात लावली होती. त्यात कोंडीभाऊंचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते आम्हाला कुणालाही खटकलं नाही.

*

'पुढच्या रविवारी' असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. शेवटी माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, कोंडीभाऊ, आज मी वर, तुम्ही खाली. त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. ते खुर्चीच्या कडेला बसले, जणू कुणी येऊन उठवणारच आहे.

मी स्लॅबवर चढलो आणि पाइप धरला. वारा असा, की पाइप मला धरून होता!

"आलं का?"

"मुंग्या!" शिंदे सर खालून ओरडले. "उजवीकडे! तुमची उजवी नव्हे, माझी!"

माझी उंची पाच फूट तीन इंच. टाचा उंचावल्या, तोल गेला, सावरलो. खाली हेडसरांचा आवाज ऐकू आला. "शिपाई खुर्चीत आणि गुरुजी छपरावर! वाडीनं बघितलं तर काय म्हणतील?"

चार मिनिटं झाली नसतील, कोंडीभाऊ शिडीवर दिसले. "उतरा सर. तुमी पडाल. माझ्यानं बघवंना."

"अहो, पण तुमचा भाग!"

"ऱ्हाऊ द्या. पुढच्या रविवारी बघू की."

माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं, तेही समजूत काढायला. मी उतरलो. खरं सांगतो, उतरताना मला हायसं वाटलं, कारण वकिलाची केस ऐन रंगात आली होती. आज ते हायसं वाटणं आठवलं की मान वर होत नाही.

*

आता लावणीचा किस्सा. हा सांगितला की सगळे सगळ्यात जास्त हसतात.

आषाढात कोंडीभाऊ भातलावणीसाठी आठ दिवस रजेवर जायचे. म्हणजे टीव्हीवर आठ दिवस मुंग्या! त्यात त्या रविवारी वकीलवालीचा खास भाग होता. वकील म्हणे पहिल्यांदा केस जिंकणार! शिंदे सरांनी तोड काढली, "आपण तिघं सकाळी जाऊन त्यांची त्या दिवसाची लावणी उरकू. ते दहाला वर चढतील. आपण साडेनऊला परत." ठरलं. मी कोंडीभाऊंना निरोप दिला, "रानात येऊ नका. बरोबर दहाला टीव्ही लावा आणि वर जा. लावणीचं आम्ही बघतो."

सहाला आम्ही चिखलात उतरलो. कोंडीभाऊंची बायको चिमाबाई बांधावरून बघत होती. "अवो सर, रोप लावताय का खुटा ठोकताय?" शिंदे सरांची चप्पल चिखलाने गिळली. हेडसर प्रत्येक ओळ सरळ आहे का ते वाकून बघायचे आणि उपटून पुन्हा लावायला लावायचे. कंबर अशी धरली की वेळेचं भानच गेलं. काम संपलं, तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते.

धावत आलो. खोलीचं दार उघडं. टीव्ही चालू. चित्र स्वच्छ, एक मुंगी नाही! बातम्या लागल्या होत्या. समोर तीन रिकाम्या खुर्च्या. आणि वर पावसात, डोक्यावर पानांचं इरलं घेऊन, कोंडीभाऊ पाइप धरून उभे.

आमची चाहूल लागली तसे ओरडले, "आलं का?"

ते उतरले, हात गारठून पांढरे पडलेले. "सर, आज कोणच हसलं नाय. म्हनलं, आज भाग लईच हुशार दिसतोय!"

चिमाबाईंनी दुसऱ्या दिवशी आमची सगळी रोपं उपटून परत लावली. वकील केस जिंकला की नाही, हे तेव्हा आम्हाला कळलंच नाही; पत्र्यावरच्या पावसात कोंडीभाऊंनाही संवाद ऐकू आले नव्हते.

मी त्यांना विचारलं होतं, "तुम्हाला वाटलं नाही का, आत कुणी नसेल?" ते म्हणाले, "आसं कसं? तुमी म्हनला व्हता की." एवढा भरवसा आमच्यावर कुणी ठेवायला नको होता.

*

पुढे आमच्या बदल्या झाल्या. मी ओतूरला आलो, शिंदे सर मंचरकडे गेले, हेडसर रिटायर होऊन लोणीला परतले आणि काही वर्षांनी वारले. दहाव्याला आम्ही गेलो. कोंडीभाऊ पहाटेच निघून तीन गाड्या बदलून आले होते.

ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना! झाडावर पाच-सहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मुलगा म्हणाला, "दादा, आईला सांभाळीन." नाही. भाऊ म्हणाला, "बांधाचा वाद मिटवतो." नाही. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघायला लागले, घरच्या बायका रडायला लागल्या.

शेवटी शिंदे सर पुढे झाले. हात जोडले, घसा खाकरला. "हेडसर, वकीलवालीला पस्तीस. माझे ब्याण्णव मी मागे घेतो. पस्तीसच."

कावळा उतरला!

लोक एकमेकांकडे बघत राहिले. पंधरा वर्षांचं भांडण तिथे मिटलं, आणि शिंदे सर ओढ्याकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. परत येताना कोंडीभाऊ माझ्या शेजारी चालत होते. म्हणाले, "सर, मला बी एक डाव दावून टाका तेवढं. न्हाईतर माझ्या येळंला कावळं लई खोळंबतील."

ते हसत म्हणाले. मला हसता आलं नाही.

*

नंतर एकदा ओतूरच्या स्टँडवर सीडीच्या टपरीत मला वकीलवाली दिसली. अख्खा संच! मी घेतला, आणि रविवार धरून वाडीवर गेलो. कोंडीभाऊ रिटायर झाले होते. मुलाने घर बांधलं होतं. वर स्लॅब, स्लॅबवर डिशची छत्री, खाली रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर. घरातली सगळी रानात गेली होती. आम्ही दोघंच.

मी त्यांना टीव्हीसमोर बसवलं, अगदी मधोमध. चोराचाच भाग लावला. चित्र काचेसारखं.

वकील पडद्यावर आला. कोंडीभाऊ पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो नव्हं."

"हाच, कोंडीभाऊ. हाच वकील."

"न्हाई सर. ह्यो बारीक हाय. आमचा वकील जाडा व्हता, मिशीवाला." त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "आवाज त्योच हाय. पर मानूस ह्यो न्हाई."

ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, पायात चपला घातल्या. "बसा तुमी. तुमी बघा."

"अहो, कुठे निघालात? आता धरावं लागत नाही!"

ते जिना चढून वर गेले. दार उघडंच होतं. वरून आवाज आला, "आलं का?"

मी खालून ओरडलो, "आलं! हलू नका!"

चोर वकिलाकडे आला. शिक्षा नक्की होईल ना, म्हणाला. बाहेर सासरा उभा आहे, म्हणाला. त्या रिकाम्या खोलीत मी आधी शिंदे सरांसारखा हसलो, पंप सुरू होताना होतो तसा आवाज काढून, मोठ्याने. मग जाहिरात असायची तेवढा वेळ थांबलो आणि माझं हसलो.

मग वरून हाक आली.

"सर!"

"काय हो?"

"हेडसरांचं ऱ्हायलं."

मी डोळे पुसले. म्हणालो, "कोंडीभाऊ, आज रविवार आहे."

ते वरूनच म्हणाले, "मंग थांबतो की."